पाडवा, आषाढी, दसरा

दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात शिकले. शाळेत तास असायचे, पहिला गणिताचा, दुसरा मराठीचा. विज्ञानात आवर्तसारणी होती. तिच्या आडव्या ओळी म्हणजे आवर्ते आणि उभे स्तंभ म्हणजे गण. वाचनालयात येणारी मासिके-पाक्षिके ही नियतकालिके. इतिहासाच्या पुस्तकात कालखंड होते आणि घरात आई-मावशी आवाज खाली आणून पाळीविषयी बोलायच्या. अकरावीला पुस्तके इंग्रजी झाली आणि या सगळ्यांच्या जागी एकाच मुळाचे शब्द आले: पिरियड, पिरियॉडिक, पिरियॉडिकल आणि पुन्हा पिरियड. पुढे औरंगाबादच्या शासकीय दंत महाविद्यालयात बीडीएसला प्रवेश मिळाला. पहिल्याच वर्षी दातांच्या सूक्ष्मरचनेच्या पुस्तकात ‘पेरिओडॉन्टल लिगामेंट’ हे प्रकरण आले. रात्री वसतिगृहात डिक्शनरी उघडली, तर त्याच पानावर वर तासाचा पिरियड, मध्ये मासिकाचा पिरियॉडिकल आणि खाली हिरडीचा पेरिओडॉन्टल.

दुसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या मॅडमना विचारले. त्यांनी फळ्यावर दोन ग्रीक शब्द फोडून दाखवले. ‘पेरि’ म्हणजे भोवती. पिरियडमध्ये त्याच्यापुढे ‘होडोस’ आहे, म्हणजे वाट. भोवती फिरून पुन्हा जागेवर येणारी वाट. पेरिओडॉन्टलमध्ये पुढे ‘ओडोन्ट’ आहे, म्हणजे दात. दाताच्या भोवतीचे ते. ग्रीकमधला हा ‘पेरि’ आणि संस्कृतमधला ‘परि’ हे सख्खे भाऊ, असे सांगून त्या पुढच्या प्रकरणाकडे वळल्या. मी वहीत लिहून घेतले: पिरियड म्हणजे परिक्रमा, पेरिओडॉन्टल म्हणजे परिदंत.

शब्दांचे नाते तेवढेच, उपसर्गापुरते. पण पुढे मी हिरड्यांच्या आजारातच एमडीएस केले, बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दवाखाना सुरू केला, आणि माझ्या कामात काळ आणि हिरडी एकमेकांपासून सोडवता येत नाहीत हे रोज दिसत गेले. हिरडीचा आजार कळायला काळ लागतो, त्याची तीव्रता काळावर मोजतात आणि उपचारही ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा करावे लागतात. तो काळ कुणाच्या पंचांगाने मोजायचा, हा माझ्या दवाखान्यातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे.

आधी दाताभोवती काय असते ते सांगते, कारण रुग्णांनाही मी तिथूनच सुरुवात करून सांगते. दात हाडात थेट रुतलेला नसतो. त्याचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये साधारण ०.२ मिलिमीटरची फट असते. त्या फटीत तंतू असतात; त्यांचे एक टोक मुळावरच्या सिमेंटम नावाच्या थरात आणि दुसरे हाडात. दात या तंतूंवर तोललेला असतो. भाकरीत बारीकसा खडा आला तरी दाताखाली तो लगेच कळतो, ते या तंतूंमधल्या नसांमुळे. वरून हिरडी या सगळ्याला झाकते. हिरडी, तंतू, सिमेंटम आणि हाड, या चौघांचा आजार तो माझा विषय. लोक त्याला पायरिया म्हणतात. सुश्रुताने दंतमुळाच्या रोगांत दंतवेष्ट नावाचा एक रोग सांगितला आहे. त्यात हिरडीतून पू आणि रक्त येते आणि दात हलू लागतात. हे वर्णन आजही जसेच्या तसे लागू पडते.

तपासणीचे मुख्य साधन म्हणजे विल्यम्स प्रोब. बोथट टोकाची, बारीक खुणा केलेली ही सळई. तिच्यावर १, २, ३, ५, ७, ८, ९ आणि १० मिलिमीटरच्या खुणा असतात. ४ आणि ६ मुद्दाम गाळलेल्या, म्हणजे वाचताना गल्लत होत नाही. दात आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत ती अलगद सरकवायची. निरोगी हिरडीत ती ३ मिलिमीटरपर्यंत जाते. त्याहून खोल गेली आणि तंतू सुटलेले असले, तर त्या खाचेला आम्ही पॉकेट म्हणतो. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी मोजायचे. मी आकडे सांगते, माझी मदतनीस तक्त्यावर लिहिते. खुर्चीतला माणूस तोंड उघडे ठेवून ते सगळे ऐकत असतो, आणि दोन-तीनच्या रांगेत एकदम सात आला की त्याचे डोळे माझ्याकडे वळतात. तोंड मोकळे झाल्यावर पहिला प्रश्न हाच असतो: “मॅडम, सात म्हणजे लई झालं का?”

सातपर्यंत जायला वर्षे लागलेली असतात, आणि तेवढ्या वर्षांत एकदाही ठणका लागलेला नसतो. कीड दाताच्या नसेपर्यंत पोहोचली की माणूस रात्रभर जागतो आणि सकाळी दवाखान्यात येतो. हिरडीचा आजार बहुतेकांना असा जागवत नाही. घासताना थोडे रक्त, सकाळी तोंडाला वास, दातांत अन्न अडकणे, एवढ्यावर वर्षानुवर्षे भागते. त्यातही विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्तही कमी येते, म्हणजे होती ती खूणही झाकली जाते.

हा आजार काळात कसा पसरतो, हे विज्ञानाला दोन अभ्यासांनी फार स्पष्ट दाखवले. दोन्हींमागे हॅराल्ड लो हे नॉर्वेजियन दंतवैद्य होते. पहिला १९६५ साली प्रसिद्ध झाला, डेन्मार्कमधल्या ऑर्हुस इथला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी, त्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी, दात घासणे पूर्ण बंद केले. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्यांना सूज आली. घासणे पुन्हा सुरू केले आणि साधारण आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. दातावरचा जिवाणूंचा मऊ थर हेच सुजेचे कारण, आणि वेळेत काढला तर सूज पूर्ण मागे जाते, हे त्यातून सिद्ध झाले.

दुसरा अभ्यास मी एमडीएसला असताना वाचला आणि तो माझ्या मनातून गेला नाही. श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवरचे ४८० पुरुष मजूर. दात घासण्याची सवय नाही, दंतवैद्य कधी भेटलेला नाही. १९७० ते १९८५ अशी १५ वर्षे त्यांना पुन्हा पुन्हा तपासले. अहवाल १९८६ साली आला. सगळ्यांच्या दातांवर किटण, सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या. तरी ११ टक्के लोकांत आजार हिरडीच्या सुजेपुढे गेलाच नाही. ८१ टक्क्यांत तो बेताच्या गतीने वाढला. उरलेल्या ८ टक्क्यांत मात्र झपाट्याने वाढला आणि त्यांचे दात तरुणपणीच जाऊ लागले. वर्गात सगळे त्या टक्क्यांची चर्चा करत होते. मला मात्र ती माणसे दिसत होती. पहाटे मळ्यात जाणारी, दिवसभर वाकून पाने खुडणारी आणि १५ वर्षांत ज्यांच्या तोंडातले हाड मिलिमीटर-मिलिमीटरने गेले, ती माणसे. माझ्या गावाकडे अशीच माणसे दर वर्षी दसरा झाला की गाडीत बसतात.

ऊसतोडीला जाणारे लोक मी लहानपणापासून पाहत आले आहे. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायको मिळून एक कोयता धरायचा, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळीने सांगली, कोल्हापूर, सातारा नाही तर पार बेळगावपर्यंत जायचे. तिथे फडाजवळ पाचटाची नाही तर प्लॅस्टिकच्या कागदाची कोपी. बाई पहाटे उठून स्वयंपाक करते, मग फड, मोळ्या बांधणे, गाडी भरणे. एक दिवस काम चुकले तर खाडा धरतात आणि त्याचे पैसे कापतात. पाडव्याच्या आगेमागे टोळ्या परत येतात.

या लोकांना हिरडीच्या उपचाराची वेळापत्रके कशी लागू करायची? शास्त्र सांगते ते असे. पॉकेटमधले किटण आणि जिवाणू एकदा खरडून काढले की काम संपत नाही. दोन-तीन महिन्यांत ते जिवाणू तिथे पुन्हा वस्ती करू लागतात, म्हणून आजार झालेल्या माणसाला सुरुवातीला तरी दर तीन महिन्यांनी बोलवायचे. स्वीडनमध्ये कार्लस्टाड इथे पेर ॲक्सेलसन आणि यान लिंडे यांनी १९७२ साली सुरू केलेला अभ्यास याबाबतीत आम्हाला शिकवला जातो. ठरलेल्या अंतराने बोलावून, दात स्वच्छ करून, घासायला नीट शिकवून त्यांनी तीस वर्षे लोकांची काळजी घेतली. त्या तीस वर्षांत त्या लोकांचे सरासरी दोनही दात गेले नाहीत. हा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. पण त्यातला माणूस एका गावात राहत होता आणि बोलावल्या तारखेला येऊ शकत होता. तीन महिन्यांनी या, असे मी भाद्रपदात सांगितले, तर माझा रुग्ण तेव्हा चारशे किलोमीटरवर फडात असतो. तिथून तो येणार नाही, आणि यावे असे म्हणण्याचा मला अधिकारही नाही. येण्या-जाण्याचे भाडे, दोघांचा खाडा आणि मुकादमाची बोलणी हे सगळे त्याला भरावे लागेल.

माझ्याकडे येणाऱ्या एका मावशींमुळे मी याचा नीट विचार करायला लागले. वय पंचेचाळीसच्या आसपास. पाडवा होऊन आठवडा झाला होता. नवऱ्याला बरोबर घेऊन आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, “खालचे म्होरचे दोन हालायलेत, काढून टाका.” तोंडात पाहिले तर मिसरीने दात काळे पडलेले, खालच्या पुढच्या दातांमागे किटणाची सलग भिंत. मागच्या दाढांभोवती प्रोब सात आणि आठपर्यंत गेला. एक्स-रे काढला. सगळ्यात वाईट दाताभोवतीचे साठ टक्के हाड गेलेले.

इथे काळ सरळ गणितात येतो. २०१७ साली शिकागोत अमेरिका आणि युरोपातल्या तज्ज्ञांची परिषद झाली आणि पुढच्या वर्षी या आजाराचे नवे वर्गीकरण प्रसिद्ध झाले. त्यात आजार किती झाला याबरोबर तो किती वेगाने होतो आहे, याचीही श्रेणी ठरवतात. सगळ्यात वाईट दाताभोवतीचे किती टक्के हाड गेले, त्या आकड्याला वयाने भागायचे. उत्तर ०.२५ पेक्षा कमी आले तर गती मंद, एकच्या वर गेले तर जलद. साठ भागिले पंचेचाळीस, म्हणजे १.३३. सत्तरीच्या माणसाचे पंधरा टक्के हाड गेले असेल, तर उत्तर ०.२१ येते, त्याला फारसे घाबरवायचे कारण नसते. मावशींचा आजार वेगाने चालला होता आणि पुढचे दोन दात काढून तो थांबणार नव्हता. दाढांवर त्यांचा रोजचा घास अवलंबून होता.

मी हे समजावत होते तेव्हा त्यांचे मालक एक्स-रे उजेडात धरून पाहत होते. म्हणाले, “म्हणजे बैल बांधायचा खुंटा भुसभुशीत मातीत असावा, तसंच की. माती वाहून गेल्यावर खुंटा कितीबी ठोका.” मी म्हटले, तसेच, म्हणून ठोकायचे नाही, उरलेली माती राखायची. गेलेले हाड बहुतेक वेळा परत येत नाही. आहे ते टिकवणे हाच उपचार.

मग नेहमीची शंका आली: साफ केले की दात जास्त हलतात म्हणे. ही भीती आमच्या भागात घरोघरी आहे आणि ती बिनबुडाची आहे असे म्हणून झटकून टाकलेले मला आवडत नाही, कारण लोकांनी जे अनुभवले ते खरे आहे. किटणाची भिंत दातांना एकमेकांशी जखडून ठेवते. ती काढली की सैल दात सैल असल्याचे जाणवते, फटी उघड्या पडतात, सूज उतरल्यावर हिरडी खाली बसते आणि दात लांब दिसू लागतात. हे सगळे आधी सांगितले तर माणूस घाबरत नाही. मी मावशींना आरसा हातात दिला आणि कुठे फट पडेल ते एक एक करून दाखवले.

दोन बैठकांत, भूल देऊन, अर्धे अर्धे तोंड करून मुळांपर्यंत सगळे किटण काढले. घासायचे शिकवले. मऊ ब्रश, हिरडीच्या कडेला तिरपा धरून, घाई न करता. आणि दाढांमधल्या फटींसाठी छोटा गोल ब्रश. मिसरीवर आमचे बोलणे लांबले. तव्यावर भाजलेली तंबाखू ती. पहाटे एकदा, दुपारी एकदा, रात्री झोपताना. मिसरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, हे त्यांनी मला सांगितले आणि मी ते नीट ऐकून घेतले. तंबाखूची सवय शरीराला लागलेली असते, ती नुसती आळस किंवा अज्ञान नसते. मी त्यांना कॅन्सरचेही स्पष्ट सांगितले. रात्रीची मिसरी आधी सुटली, मग दुपारची.

पुढची तारीख द्यायची वेळ आली तेव्हा मी कॅलेंडर पाहून जुलैतला एक दिवस सांगितला. मावशी म्हणाल्या, “आषाढीच्या आधी का मागून?” मी पंचांग काढले. चैत्र पाडव्यापासून आषाढी एकादशी सव्वातीन महिन्यांवर येते. आषाढीपासून दसरा तीन महिन्यांवर. दसऱ्यानंतर टोळी जाते आणि पाडव्याला परत येते. तीन महिन्यांची दोन अंतरे आमच्या सणांत आयतीच होती. मधला साडेपाच महिन्यांचा मोठा खंड तेवढा उरत होता. त्या दिवसापासून ऊसतोडीच्या लोकांच्या कार्डावर मी पाडवा, आषाढी, दसरा असे लिहू लागले. तारीख लिहिलेले कार्ड ट्रंकेत जाते, पण आषाढी आली हे कुणाला सांगावे लागत नाही. लोक येऊ लागले. सगळे नाही, पण पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त.

मोठ्या खंडाचे काय करायचे हा विचार अजून चालूच आहे. दसऱ्याच्या भेटीला मी जास्त वेळ देते. पाचाहून खोल राहिलेले प्रत्येक पॉकेट पुन्हा साफ करते, न टिकणारा दात असेल तर तेव्हाच काढते, म्हणजे फडात गळू येऊन हाल होत नाहीत. जाताना दोन ब्रश देते. चूळ भरायचे क्लोरहेक्सिडीन औषध पाच महिन्यांसाठी देता येत नाही. दोन आठवड्यांपलीकडे ते रोज वापरले की दातांवर डाग पडतात आणि चव बिघडते. म्हणून ब्रशवरच भर. कोपीवर पाणी लांबून आणावे लागते, तेव्हा एका तांब्यात दोघांचे घासणे कसे होईल तेही आम्ही बोलतो. पेस्ट संपली तरी नुसत्या ओल्या ब्रशने घासा, थर निघणे महत्त्वाचे, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते.

दवाखान्याच्या पाटीवर माझ्या नावाखाली मराठीत हिरडी-तज्ज्ञ लिहिले आहे आणि खाली इंग्रजीत ‘पेरिओडॉन्टिस्ट’. वस्तीवरच्या एका आशाताईंनी ते इंग्रजी वाचले आणि चौदा-पंधरा वर्षांच्या एका मुलीला घेऊन आल्या. मुलीची पाळी पुढे-मागे होत होती, पोटात दुखत होते. आई-वडील फडात, मुलगी आजीजवळ शाळेसाठी ठेवलेली. मी त्यांना ग्रामीण रुग्णालयातल्या स्त्रीरोग डॉक्टरांकडे पाठवणारच होते, तेवढ्यात मुलगी बोलताना तिच्या हिरड्या दिसल्या: लालभडक, दातांच्या मधोमध फुगलेल्या. विचारले तर म्हणाली, घासताना रक्त येते, आणि पाळी यायच्या आधी दोन-चार दिवस जास्त येते. आजपर्यंत हे कुणाला सांगितले नव्हते.

वयात येताना शरीरातली संप्रेरके बदलतात आणि दातांवरच्या थराला हिरडी एरवीपेक्षा जास्त चिडून प्रतिसाद देते. काही मुलींना दर महिन्याला पाळीच्या आधी हा फरक जाणवतो. गरोदरपणात तो आणखी ठळक होतो. थर काढला आणि घासणे सुधारले की सूज उतरते. त्या मुलीची पंधरवड्यात बरीच उतरली आणि पाळीसाठी ती त्या डॉक्टरांकडेही जाऊन आली. आशाताई आता गरोदर बायांना तपासणीला नेतात तेव्हा हिरड्यांचेही विचारतात. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दातांचे उपचार सोयीने करता येतात हे त्या आता स्वतःच समजावून सांगतात. मी त्यांना एक छोटा आरसा दिला आहे. आमच्या तालुक्यात हिरडीच्या आजाराची पहिली खूण सगळ्यात आधी कुणाला दिसत असेल, तर ती त्यांना.

पाळीचा विषय ऊसतोडीच्या बायांसमोर काढणे सोपे नाही. पाळीत फडात काम करणे कठीण, कोपीला संडास-न्हाणी नाही, दुखले म्हणून थांबले तर खाडा. अंगावरून जाते, पोट दुखते, म्हणून कमी वयात गर्भपिशवी काढलेल्या किती बाया या जिल्ह्यात आहेत, हे २०१९ साली राज्यभर गाजले. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात पाहणी झालेल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. तेव्हापासून मी प्रत्येक बाईच्या कागदावर हा प्रश्न लिहिते: पिशवी काढली का, कोणत्या वयात, अंडाशयही काढले का. अंडाशय लवकर गेले तर इस्ट्रोजेन अचानक कमी होते आणि अंगातली हाडे वेळेआधी विरळ होऊ लागतात. हिरडीचा आजार त्याने सुरू होत नाही, तो थरामुळेच होतो. पण आधीच हाड गमावत असलेल्या बाईकडे मी जास्त बारकाईने पाहते आणि हाडांच्या डॉक्टरांना चिठ्ठी देते. पस्तिशीच्या बाईच्या तोंडी “माझी पाळी जाऊन आठ वर्षं झाली” हे वाक्य मी ऐकले आहे, आणि ऐकताना प्रत्येक वेळी राग येतो.

सगळे रुग्ण ऊसतोडीचे नसतात. निवृत्त शिक्षक असलेले एक गुरुजी मधुमेहाचे. त्यांचे फिजिशियन आणि मी आता एकाच अंतराने त्यांना पाहतो. रक्तातली एचबीएवनसी ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर सरासरीने सांगते, कारण तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. साखर वाढली की हिरडी बिघडते आणि हिरडी सुजलेली राहिली की साखर आवरणे जड जाते. हिरडीच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांनी ही सरासरी साधारण ०.४ टक्क्यांनी उतरते, असे अनेक चाचण्या एकत्र मांडल्यावर दिसले आहे. गुरुजींचे गणित पक्के. ते दोन्ही तपासण्यांचे आकडे वहीत शेजारी शेजारी लिहितात आणि मला दाखवतात. त्यांच्यासाठी कार्डाची गरज पडत नाही.

मावशींचे पुढे काय झाले तेही सांगते. खालच्या पुढच्या दोन दातांपैकी एक काढावा लागला. दुसरा शेजारच्या दातांशी बारीक तारेने बांधून टिकवला. पहिल्या आषाढीला दाढांवरचे सात आणि आठ हे आकडे चार आणि पाचवर आले होते. दसऱ्यालाही तेच. पुढच्या पाडव्याला आल्या तेव्हा उजव्या खालच्या दाढेमागे पुन्हा सहा लागले आणि रक्त आले. मिसरी गावात सुटली होती, फडात पुन्हा लागली होती; भोवतालच्या सगळ्या जणी लावत असताना पहाटेच्या थंडीत एकटीने नाही म्हणणे किती अवघड, ते त्यांनी मला सांगितले. मी ती दाढ पुन्हा साफ केली. बाकीचे तोंड त्यांनी राखले होते, आणि फडातल्या पाच महिन्यांत ते राखायला काय लागते हे मला ठाऊक असल्यामुळे मी ते त्यांना आकडे दाखवून सांगितले.

या दसऱ्याला त्या त्यांच्या टोळीतल्या चौघींना घेऊन आल्या, शिवाय सून. सुनेच्या हिरड्यांतून नुसते रक्त येते. हाड शाबूत आहे, सगळीकडे दोन आणि तीन. मदतनीस आकडे लिहीत होती आणि मावशी शेजारी उभ्या राहून ऐकत होत्या. सगळ्या जणींनी ब्रश नेले आहेत. यंदा सगळ्या एकाच फडात आहेत, आणि कोपीवर सकाळी आधी ब्रश, मग चहा, असे त्यांचे आपसांत ठरले आहे. टोळी मागच्या आठवड्यात कर्नाटकात गेली. पाडव्यानंतरचा पहिला बाजाराचा दिवस मी त्यांच्यासाठी राखून ठेवला आहे.